स्लीप टेस्टच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना नसतो

पुण्यात झोपेची तपासणी आता रक्ताच्या तपासणीसारखी घरपोच मिळते. फोन केला की संध्याकाळी एक जण बॅग घेऊन येतो, नाकातली नळी, छातीचा पट्टा आणि बोटाची क्लिप कशी लावायची ते दाखवतो, सकाळी येऊन बॅग नेतो आणि दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. दुसरा मार्ग हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये एक रात्र काढण्याचा. तिसरा आणि सगळ्यात स्वस्त, मनगटावरचा बँड. या तिन्हींचं हे परीक्षण एकाच गिऱ्हाइकाच्या बाजूने केलेलं आहे: ज्याला खाण्याचा विकार आहे, म्हणजे ॲनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने उपाशी राहणं), बुलिमिया (भरपूर खाऊन मग मुद्दाम उलटी वगैरे काढणं), बिंज ईटिंग (अनावर खाण्याचे झटके) किंवा रात्री उठून खाणं, आणि ज्याची झोपही बिघडली आहे. घोरणाऱ्या पन्नाशीच्या काकांना या सेवा छान चालतात. त्यांच्यासाठीच त्या बेतल्या आहेत, आणि गोची नेमकी तिथेच आहे.

सुरुवात फॉर्मपासून. बुकिंगच्या वेळी जे विचारतात ते बहुतेक ‘स्टॉप-बँग’चे आठ प्रश्न असतात: घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, मानेचा घेर किती, पुरुष की स्त्री. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, पहाटे तीनला टक्क जाग येणारी एखादी बारीक मुलगी या फॉर्मवर जेमतेम एक गुण मिळवते, थकव्याचा. ‘लो रिस्क’ म्हणून विषय संपतो. फॉर्मला दोष देण्यात अर्थ नाही, तो झोपेत श्वास अडकण्याच्या आजारापुरताच, म्हणजे ॲप्नियापुरताच आहे. दोष हा की झोपेची दुसरी कुठलीही तक्रार घेऊन आलेल्या माणसासाठी दुसरा फॉर्म काढलाच जात नाही.

तो दुसरा फॉर्म पाच ओळींचा आहे. ‘स्कॉफ’ नावाची प्रश्नावली १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. पोट नकोसं भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटेल अशी धास्ती वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का? अन्नाने आयुष्याचा ताबा घेतलाय असं म्हणाल का? दोन ‘हो’ आले की पुढची चौकशी करायची. हे निदान नव्हे, फक्त दार वाजवणं. पण एवढं केलं तरी पुढच्या निम्म्या चुका टळतात. बुकिंगला कुणी विचारत नसेल, तर आपणच सांगावं: ‘खाण्याचा विकार आहे, उपचार चालू आहेत, कुठली तपासणी लागेल ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.’ ‘ॲसिडिटी आहे’ असं मोघम सांगितलं तर तपासणीही मोघमच होते.

घरची बॅग

घरच्या किटमध्ये साधारण चार गोष्टी नोंदल्या जातात: नाकातला हवेचा प्रवाह, छातीची हालचाल, रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी. मेंदूची एकही तार नसते. म्हणजे माणूस झोपलाय की छताकडे बघत पडलाय, हे या यंत्राला कळतच नाही. घोरणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही, कारण तो पडला की झोपतो. रात्रीतले तीन तास जाग्या असणाऱ्याच्या बाबतीत मात्र हिशोबच चुकतो.

रिपोर्टवरचा मुख्य आकडा म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरच्या किटमध्ये भागाकार झोपेच्या तासांनी होत नाही, रेकॉर्डिंगच्या तासांनी होतो. समजा रात्रभरात ३२ वेळा श्वास अडला आणि यंत्र ८ तास चालू होतं. ३२ भागिले ८, आकडा ४, रिपोर्ट ‘नॉर्मल’. पण झोप ५ तासच लागली असेल तर खरा आकडा ६.४, म्हणजे सौम्य ॲप्निया. बिंज ईटिंग असलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि रात्री दोनदा स्वयंपाकघरात जाऊन येणाऱ्या माणसाचा ॲप्निया असाच कागदावरून निसटतो. म्हणून किट लावाल त्या रात्री उशाशी कागद ठेवा: दिवा कधी मालवला, किती वेळा उठलात, कधी उठलात, साधारण किती वेळ जागे होतात. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांकडे तो कागद पीडीएफबरोबर गेलाच पाहिजे. प्रवाह आणि ऑक्सिजनची किमान चार तासांची नीट नोंद नसेल तर चाचणी पुन्हा करायची असते. ती फुकट करून देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारून ठेवा.

बारीक अंगाच्या माणसावर किट बसवतानाच अडचणी येतात. मोठ्यांचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी कुशीवर वळताना खाली घसरतो, मग छातीची हालचाल नोंदली जात नाही आणि यंत्र भलताच अर्थ लावतं. घट्ट आवळला तर बरगड्यांवर रुततो आणि त्यानेच जाग येते. लहान मुलांचा पट्टा बॅगेत आपणहून येत नाही, मागावा लागतो. उपाशी शरीर हातापायांचं रक्त आखडतं घेतं. बोटं गार, कधी निळसर. ऑक्सिमीटर बोटातल्या रक्ताच्या ठोक्यावर चालतो. ठोका मिळाला नाही की आलेखात खड्डे पडतात आणि खड्डे पाहून घाईत वाचणारा ‘ऑक्सिजन कमी झाला’ लिहून मोकळा होतो. लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं हात लोकरी मोज्यात ठेवा, नेलपॉलिश आणि जेल काढा, तर्जनीवर सिग्नल येत नसेल तर मधलं बोट किंवा अनामिका घ्या. कोरड्या झालेल्या त्वचेला चिकटपट्टी सोलून काढते, तेव्हा कागदी टेप वापरा.

थोडक्यात, बिंज ईटिंगबरोबर वजन जास्त आहे, घोरणं आहे, दिवसा गाडी चालवताना डोळे मिटतात, अशा वेळी घरची बॅग पहिली पायरी म्हणून चालेल. ॲनोरेक्सियात पहाटेच्या जागेचं कारण शोधायला ती निरुपयोगी आहे. पैसे वाया जातात हे एकवेळ सोडा, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य हातात पडतं आणि घरातले म्हणतात, बघ, तुला काही झालेलं नाही.

उपाशी मेंदू का झोपत नाही

झालेलं असतं ते असं. अन्न कमी पडलं की मेंदू जागा राहण्याकडे झुकतो, कारण भुकेल्या प्राण्याने झोपून भागत नाही, शोधायला निघावं लागतं. उपाशी उंदीर जास्त पळतात, कमी झोपतात. माणसात हे पहाटे दोन-तीनच्या जागेच्या रूपात दिसतं, आणि जागा झालेला माणूस मरगळलेला नसतो, तरतरीत असतो. खोलवरची झोप कमी होते, झोपेचे तुकडे पडतात. लंडनमध्ये आर्थर क्रिस्प यांच्या गटाने १९७५ मध्ये ॲनोरेक्सियाच्या १० रुग्णांचे झोपेतले मेंदूचे आलेख वजन वाढत असताना काढले होते. वजनाबरोबर झोपही सुधारत गेली. अर्धशतक उलटलं, तरी पहाटेच्या जागेला पहिला उपाय म्हणून आजही गोळीच लिहिली जाते.

याखेरीज पहाटेच्या जागेची तीन साधी कारणं असतात, तिन्ही घरी तपासता येतात. पहिलं, साखर. यकृतातला साठा संपलेला असेल तर पहाटे साखर उतरते: घाम, थरथर, धडधड, भीतीने दचकून जाग. घरात आजोबांचा ग्लुकोमीटर असेलच. जाग येताच बोट टोचून पाहा. ७० च्या खाली आकडा आला तर आधी साखरपाणी किंवा दूध-साखर, आणि त्याच दिवशी डॉक्टर. बोलणं अडखळत असेल, भान हरपत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. दुसरं, थंडी आणि हाडं. चरबीची गादी नसली की कुशीवर नितंबाचं हाड आणि गुडघे टोचतात, दर अर्ध्या तासाला वळावं लागतं. गुडघ्यांमध्ये उशी आणि गादीवर जाड रजई घालून हे बरंच सुधारतं. तिसरं, दिवसभर भुकेवर मारा म्हणून घेतलेली काळी कॉफी आणि ग्रीन टी. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, शेवटचा कप दुपारी बाराच्या आत हवा. अमृततुल्यचा कटिंग छोटा असतो खरा, पण सहा कटिंग छोटे नसतात.

पायांचं वेगळं. संध्याकाळनंतर, पडल्यावर पायांत किडे वळवळल्यासारखं होणं आणि चाललं की लगेच बरं वाटणं, हा रेस्टलेस लेग्ज. खाण्याच्या विकारातली चालण्याची सक्ती वेगळी असते: ती दिवसा कधीही येते, तिच्यामागे खाल्लेल्याचा हिशोब असतो आणि चालून पायाला आराम पडत नाही, फक्त अपराधीपण तेवढ्यापुरतं उतरतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. रेस्टलेस लेग्जसाठी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, बघतात आणि ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही लोह देण्याचा विचार करतात. पण उपासमारीत फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून त्याबरोबर ट्रान्सफेरिन सॅचुरेशन ही लोहाचीच दुसरी तपासणीही करून घ्या. पॅकेजमध्ये ते बहुधा नसतं.

लॅबमधली रात्र

लॅबची तपासणी घरच्या बॅगेच्या काही पट महाग, पण तिच्यात मेंदूचे, डोळ्यांचे, हनुवटीच्या आणि पायांच्या स्नायूंचे आलेख, ईसीजी, आवाज आणि व्हिडिओ सगळं असतं. रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत कापली जाते आणि टेक्निशियन एकेक तुकडा वाचतो. तीस सेकंदांपैकी सहा किंवा जास्त सेकंद ७५ मायक्रोव्होल्टहून उंच, संथ लाटा दिसल्या तर तो तुकडा खोल झोपेचा, ज्याला एन३ म्हणतात. हे डोळ्यांनी वाचायचं काम आहे. काही ठिकाणी सॉफ्टवेअरने काढलेले आकडे तसेच छापून देतात, आणि तुकड्या-तुकड्यांच्या झोपेत सॉफ्टवेअर गडबडतं. ‘स्कोअरिंग हाताने तपासणार का’ हा प्रश्न बुकिंगलाच विचारा. उत्तर देताना पलीकडचा गोंधळला तर तेही उत्तरच.

पुण्यात या लॅब बहुतेक मोठ्या खासगी हॉस्पिटलांत आहेत आणि छातीचे डॉक्टर, ईएनटी किंवा न्यूरोलॉजी विभाग त्या चालवतात. मानसोपचार विभागाशी बोलणं होतंच असं नाही. छातीच्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये पायाच्या तारा कधी कधी लावतच नाहीत, ‘श्वासाला लागत नाहीत’ म्हणून. खाण्याच्या विकारात त्या हव्यातच, कारण झोपेत पाय किती वेळा झटकले (तासाला १५ च्या वर म्हणजे जास्त) याची मोजणी त्यांच्याशिवाय होत नाही. लॅबचा ईसीजी एका तारेचा असतो. त्यावर गती आणि लय कळते, क्यूटी अंतर, म्हणजे दर ठोक्याच्या विद्युत संदेशाला लागणारा वेळ, खात्रीने कळत नाही. उलट्या चालू असतील किंवा जुलाब होण्याची औषधं घेत असाल, तर बारा तारांचा ईसीजी आणि पोटॅशियम आधी झालेलं असावं.

आता जेवण, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लॅबला संध्याकाळी सात-आठला बोलावतात, तारा लावायला पाऊण तास जातो, दहा-साडेदहाला दिवा मालवतात. ज्यांच्या आहारात रात्री साडेनऊचं दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू आहे, त्यांचा नेमका तोच घास बुडतो. तोंडावर नळी आणि हनुवटीवर तारा असताना कोण खाणार? मग पहाटे तीनला जाग येते आणि ती ‘निद्रानाश’ म्हणून छापली जाते. डबा घरून न्या, नळी खाऊन झाल्यावर लावायला सांगा, आणि हे आधी फोनवर ठरवून घ्या. आम्लपित्त वर येत असेल तर झोपण्याआधी दोन-तीन तास पोट रिकामं ठेवा असं सगळे सांगतात. आहारतज्ज्ञ म्हणतो खा, पोटाचा डॉक्टर म्हणतो खाऊ नको. इथे आहाराचा आराखडा वरचढ: जेवण साडेसातला, नंतरचा घास छोटा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे, आणि डावी कूस. लॅबचा पलंग तर कळ दाबून वर होतो, सांगायचा अवकाश.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र नको, कारण उपासाच्या रात्रीची झोप ही नेहमीची झोप नव्हे. शिवाय या आजारात उपास हे धर्माच्या नावाखाली न खाण्याचं हक्काचं निमित्त असतं. रविवार नको, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि पेठांमध्ये राहणाऱ्या मुलामुलींची ती रात्र एक तर उपाशी जाते नाहीतर वेफर्स-बिस्किटांच्या झटक्यात. विसर्जनाची रात्र तर मध्यवस्तीतल्या कुठल्याच लॅबमध्ये नको, ती झोपेची चाचणी होणार नाही, सहनशक्तीची होईल.

आणि वजन. दारातच वजनकाटा, उंची, मानेचा टेप, आणि आकडा मोठ्याने वाचून शेजारच्याला लिहायला सांगणं. ॲनोरेक्सिया किंवा बुलिमियाच्या रुग्णाची रात्र तिथेच संपते. काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं, आकडा न बोलता लिहिता येतो. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत बीएमआय छापलेला असतो, म्हणून पीडीएफ थेट रुग्णाच्या मोबाइलवर न पाठवता डॉक्टरांकडे पाठवायला सांगा. या साध्या गोष्टीवरून लॅबची पारख होते. जिथे विनंती ऐकून ‘बरं’ म्हणतात, तिथे बाकीचंही बरं असतं.

पहिल्या रात्री लॅबमध्ये कुणाचीच झोप नीट लागत नाही, याचा वेगळा हिशोब धरावाच लागतो. वजन कमी असताना केलेल्या तपासणीत एन३ कमी, जाग जास्त, पलंगावरच्या वेळेपैकी झोपेचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली असं काही आलं तर ते कायमचं निदान समजू नका. जेवणाची घडी बसल्यावर तेच आकडे बदलतात.

रात्री स्वयंपाकघरात कोण जातं

लॅबचा खरा उपयोग इथे आहे. रात्री उठून खाण्याचे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात आणि औषधं पार वेगळी लागतात. पहिला नाइट ईटिंग सिंड्रोम, ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला. यात दिवसाच्या खाण्यापैकी २५ टक्के किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर होतं, किंवा आठवड्यात किमान दोनदा झोपेतून उठून खाल्लं जातं. सकाळी भूक नसते. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, ‘खाल्ल्याशिवाय परत झोप लागणार नाही’ असं त्याला वाटतं, आणि सकाळी सगळं आठवतं. दुसरा झोपेतलं खाणं, ज्याचं नीट वर्णन शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९९१ मध्ये केलं. यात मेंदू अर्धा झोपेत असतो. सकाळी ओट्यावर गुळाचा डबा उघडा, फ्रीजचं दार सताड, कच्ची कणीक कुरतडलेली, गादीवर चुरा. आणि माणूस म्हणतो, मी नाही. खोटं बोलत नसतो.

लॅबमध्ये अशी घटना घडावी म्हणून खाणं पलंगाशेजारी ठेवावं लागतं, नाहीतर तारांत अडकलेला माणूस उठून जाणार कुठे? घरी जे रात्री खाल्लं जातं तेच न्या, पोळी-गूळ तर पोळी-गूळ. व्हिडिओ आणि मेंदूचा आलेख एकाच घड्याळावर हवा. हे ऐकून ‘आमच्याकडे खाणं आत नेता येत नाही’ म्हणणारी लॅब या कामाची नाही.

झोपेतलं खाणं कळलं की पहिला प्रश्न औषधाच्या पुडीचा. झोल्पिडेम हे झोपेचं औषध याचं एक ओळखीचं कारण आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये झोपेत चालणं, गाडी चालवणं अशा प्रकारांसाठी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ते शेड्यूल एच१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तरी ‘भावाची गोळी, अर्धी घे’ हा प्रकार घराघरांत चालतो. डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका. तोवर रात्री गॅसचा मुख्य नॉब बंद, सुऱ्या कपाटात, खोलीच्या दाराला वाजणारी घंटा. स्वयंपाकघरालाच कुलूप लावायची घाई नको. दिवसा उपाशी ठेवलेल्या माणसाला रात्री कुलूप दिसलं की तो कुलपाशी भांडतो.

नाइट ईटिंगमध्ये सकाळपासून सुरुवात करायची. भूक असो-नसो, उठल्यापासून तासाभरात नाश्ता, गॅलरीत उन्हात बसून केला तर दुप्पट फायदा. औषधांत सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची चाचणी झालेली आहे आणि तिचा उपयोग दिसला आहे. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र हे लेबल लगेच लावू नका. पाळीमुळे घड्याळच उलटं झालं असेल तर पहाटे दोनचं जेवण हे त्यांचं दुपारचं जेवण असतं.

मशीन, बँड, गोळ्या

ॲप्निया निघाला की सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सुचवतात आणि त्याच वाक्यात ‘वजन कमी करा’. बिंज ईटिंग असलेल्याला हे दुसरं वाक्य महागात पडतं, कारण कडक डाएट हाच पुढच्या झटक्याचा पाया असतो. आधी मशीन, झोप लागू दे, झटके आटोक्यात येऊ देत, वजनाचं मग. मास्क निवडताना विक्रेत्याला सांगून ठेवा: उलटी होण्याची शक्यता असेल तर तोंड झाकणारा मास्क नको, उलटी आत कोंडून श्वासनलिकेत जाऊ शकते. नाकापुरता घ्या. मशीनची हवा पोटात जाऊन पोट फुगतं, सकाळी टम्म. फुगलेल्या पोटाची धास्ती असणारा माणूस मशीन आठवड्यात माळ्यावर टाकतो. दाब कमी करून किंवा दाब आपोआप बदलणाऱ्या ऑटो मशीनवर हे सुधारतं, म्हणून आधी महिनाभर भाड्याने घ्या.

बँडबद्दल कडक मत द्यावं लागेल: या आजारात तो काढून ठेवा. तो झोप मोजत नाही, मुख्यतः हालचाल आणि नाडी मोजतो. निपचित जागा पडलेला माणूस त्याला झोपलेला वाटतो. त्याहून वाईट म्हणजे रात्रीची नाडी ४२ दिसली की पडद्यावर कौतुक होतं, जणू खेळाडूचंच हृदय. उपासमारीत नाडी मंदावते ती तंदुरुस्तीने नव्हे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत दिवसा ५० च्या खाली आणि रात्री ४५ च्या खाली नाडी ही हॉस्पिटलमध्ये दाखल करण्याच्या निकषांत मोडते. बँडची ही एकच नोंद कामाची, तीही डॉक्टरांना दाखवायला. झोपेच्या गुणांच्या मागे लागून झोप बिघडवणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच निघाला. कॅलरी मोजणाऱ्या हाताला आणखी एक आकडा द्यायचा कशाला?

गोळ्यांचं एक-दोन ओळींत: बुलिमियासाठी फ्लुओक्सेटिन दिलं असेल तर ते सकाळी घ्या, रात्री घेतलं तर झोप उडू शकते. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध बुलिमिया आणि ॲनोरेक्सियात देत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. झोपेतल्या खाण्यावर टोपिरामेट हे फिटचं औषध देतात, पण ते भूक मारतं, म्हणून वजन कमी असलेल्याला नको. औषध लिहिणाऱ्याला खाण्याच्या विकाराची माहितीच नसेल तर तो हे कसं टाळणार?

निद्रानाशाच्या समुपदेशनात, म्हणजे सीबीटी-आयमध्ये, पलंगावरचे तास मुद्दाम कमी करतात. चांगली पद्धत आहे, पण वजन कमी असताना नको. बुलिमियात वाढलेला जागरणाचा तास हा फ्रीजजवळचा तास ठरतो. ठरलेल्या वेळी उठणं आणि ठरलेल्या वेळी खाणं, एवढे दोनच भाग आधी घ्या. खासगी खर्च झेपत नसेल तर सुरुवात ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत करता येते, आणि रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

घरची बॅग घ्यायचीच असेल तर लहान पट्टा आणि कागदी टेप आधी सांगून ठेवा. आणि बॅग न्यायला सकाळी साडेसहाला येतो म्हणणाऱ्याला साडेआठला बोलवा, नाश्ता झाल्यावर.